भंडारदऱ्याच्या डोंगरवाटा: या चुका टाळा

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्रीची मुख्य रांग, तिच्या पोटातले दाट रान आणि प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचा जलाशय हे एकमेकांना लागून आहेत. कळसूबाई, रतनगड, सांदण दरी आणि थोडे दक्षिणेला हरिश्चंद्रगड अशी ठिकाणे याच मुलखात असल्यामुळे वर्षभर इथे पायी भटकणाऱ्यांचा राबता असतो. अनेक वर्षे या वाटांवर ये-जा केल्यानंतर माझे एक मत पक्के झाले आहे. इथे अडचणीत सापडणाऱ्या बहुतेकांजवळ वाटेची माहिती असते, पण ती दुसऱ्या ऋतूतली असते. मार्चमध्ये कोणी तरी काढलेले चित्रीकरण पाहून लोक ऑगस्टमध्ये निघतात आणि डिसेंबरात पाहिलेल्या पाण्याच्या भरवशावर मे महिन्यात गड चढतात.

फाटा चुकणे

रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापासून रतनगडाकडे जाणारी वाट हे याचे उत्तम उदाहरण आहे. ही वाट सुरुवातीला प्रवरेच्या ओढ्याच्या संगतीने जाते, तो पुन्हा पुन्हा ओलांडते आणि मग गर्द रानात शिरते. या रानात एके ठिकाणी वाटेला फाटा फुटतो: सरळ जाणारी वाट कात्राबाई खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाते आणि उजवीकडची रतनगडाच्या शिड्यांकडे चढते. मार्चमध्ये मी हा फाटा एका मोठ्या दगडावरून ओळखला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुन्हा गेलो, तेव्हा दगडाभोवती कारवी आणि गवत माजून तो दिसेनासा झाला होता, आणि मी सरळ निघून गेलो. वाट चांगली मळलेली असल्यामुळे मनात शंकाही आली नाही. बऱ्याच वेळाने रान थोडे विरळ झाले, तेव्हा समोर दिसायला हवा तो रतनगडाचा कडा उजव्या हाताला मागे पडलेला दिसला आणि चूक ध्यानात आली. सोबत दोन नवखी मुले होती. त्यांच्या पायांतला उरलेला जोर त्या हेलपाट्यातच संपला आणि गड न पाहता आम्हाला परतावे लागले.

वाट मळलेली आहे एवढ्यावरून ती आपली आहे असे मानू नये. शिवाय या रानात माणसांच्या वाटांपेक्षा ढोरवाटा जास्त आहेत, आणि त्या ओळखण्याची एक सोपी खूण आहे. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंतच्या फांद्या कोयत्याने तोडलेल्या असतात, तर ढोरवाटेवर पायाखाली जमीन स्वच्छ असली तरी छातीच्या उंचीवर फांद्या आडव्या येतात, कारण जनावरे त्यांच्याखालून निघून जातात. दहा-पंधरा पावले वाकून चालावे लागले की थांबावे. ढोरवाट पुढे दोन-तीन समांतर वाटांत फुटते आणि एखाद्या पाणवठ्यावर किंवा गवताच्या माळावर संपते.

चुकल्याचे कळल्यावर होणारी दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी असते. ओढा गावाकडेच जाणार, असे समजून लोक ओढ्याच्या पात्रातून उतरू लागतात. सह्याद्रीत ओढा सरळ उताराने जात नाही. तो टप्प्याटप्प्याने कातळावरून कोसळतो. एक टप्पा घसरत उतरला आणि पुढचा उतरता येण्याजोगा नसला, की माणूस खालीही जाऊ शकत नाही आणि वरही चढू शकत नाही. म्हणून ज्या ठिकाणी आपण नक्की वाटेवर होतो असे सर्वांचे एकमत असेल, त्या शेवटच्या खुणेपर्यंत आल्या पावली परत जावे. एकाने पुढे जाऊन पाहून यावे आणि बाकीच्यांनी थांबावे, हा मार्गही टाळावा, कारण दाट रानात आवाज फार लांब जात नाही आणि हरवलेल्यांचे दोन गट होतात.

ओढ्याचे पाणी

घाटघर आणि रतनवाडी हा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यांपैकी एक आहे. घाटघरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणे नवे नाही. सकाळी गुडघ्याएवढ्या पाण्यातून सहज ओलांडलेला ओढा दुपारी कमरेच्या वर जातो, आणि तुम्ही उभे असता तिथे पाऊस नसला तरी वर कड्यावर तो कोसळत असू शकतो. पाणी वाढण्याआधी त्याचा रंग बदलतो. नितळ पाणी तांबूस गढूळ होऊ लागले आणि त्यावरून सुकी पाने व काटक्या वाहत येऊ लागल्या, तर पात्रात थांबू नये आणि जेवणाचे डबेही तिथे उघडू नयेत. परतीच्या वेळी पाणी वाढलेले आढळले, तर दोर बांधून साखळी करण्याचा खटाटोप न करता काठावर उंच जागी थांबून राहावे. पाऊस थांबला की हे लहान ओढे जसे झपाट्याने चढतात, तसेच काही तासांत उतरतात. साम्रदची सांदण दरी म्हणजे दोन उभ्या कड्यांमधली अरुंद फट आहे; तिथे चढलेल्या पाण्याला दुसरी वाटच नाही, म्हणून पावसाळ्यात आणि अवकाळीचे ढग असताना तिच्यात उतरण्याचा विचारही करू नये.

धुके आणि गारठा

महाराष्ट्रात थंडीने कोणाचा जीव जाईल हे अनेकांना खरेच वाटत नाही, आणि म्हणूनच मला या मुद्द्यावर थोडे थांबून लिहावेसे वाटते. हरिश्चंद्रगडावर पाचनईहून येणारी वाट तुलनेने सोपी आहे, पण खिरेश्वरहून तोलारखिंडीमार्गे येणारी वाट लांबलचक आहे आणि खिंडीनंतर लागोपाठच्या टेकड्यांवरून जाताना तिला अनेक उपवाटा फुटतात. ऑगस्टच्या धुक्यात इथे दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. वाट शोधण्यात तासन्‌तास जातात, सुती कपडे अंगाला चिकटतात, पठारावरचा वारा थांबत नाही, आणि तापमान पंधरा-सोळा अंशांवर असले तरी भिजलेल्या, उपाशी माणसाच्या शरीरातली ऊब निघून जाते. आधी हुडहुडी भरते, मग बोलताना शब्द अडखळू लागतात, साधी गाठ बांधता येत नाही, चालणारा सारखा मागे पडतो आणि “मला इथेच बसू द्या” म्हणतो. हुडहुडी थांबली म्हणजे त्याला बरे वाटू लागले असा समज करून घेणे घातक आहे, कारण शरीराची शक्ती संपल्यामुळेही ती थांबते. अशा माणसाला ताबडतोब वाऱ्याच्या आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, प्लास्टिकच्या कापडात गुंडाळून दोघांनी चिकटून बसावे आणि गिळता येत असेल तर गोड, गरम काही द्यावे. दारू मुळीच देऊ नये. पाठपिशवीत घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत लोकरीचा एक कोरडा सदरा असणे, हे त्या वेळी इतर सर्व सामानापेक्षा मोलाचे ठरते.

धुके असताना हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या टोकाकडे जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको. हा कडा आतल्या बाजूला वळलेला आहे आणि पावसात त्याच्या काठची माती भुसभुशीत होते.

जलाशयाचा काठ

नकाशावर जलाशयाच्या काठाकाठाने जाणे जवळचे वाटते, परंतु नकाशातली पाण्याची रेघ एखाद्या ठरावीक पातळीची असते. तलाव भरलेला असताना पाणी प्रत्येक ओघळीत लांब आत शिरते आणि अर्ध्या तासाच्या अंतराला दोन तास लागतात. फेब्रुवारीनंतर पाणी उतरते, तेव्हा काठ उघडा पडतो. वरचा गाळ सुकून भेगाळलेला दिसतो, पण पाण्याजवळ त्या पापुद्र्याखाली तो मऊच असतो आणि पाय मांडीपर्यंत रुततो. पोहण्याचा मोह इथे कटाक्षाने आवरावा. पाण्याखाली जुन्या दरीचे उतार आहेत, त्यामुळे दोन पावलांत तळ नाहीसा होतो.

शिड्या, वीज आणि मधमाश्या

कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे आणि माथा पूर्ण उघडा आहे. बारी गावातून चढताना लागणाऱ्या लोखंडी शिड्या नेहमीच्या दिवशी मोठा आधार देतात, पण मेअखेर आणि ऑक्टोबरात दुपारी ढग दाटून गडगडाट सुरू झाला, तर माथा आणि शिड्या सोडून लवकर खाली यावे. उतरताना शिडीकडे तोंड करूनच उतरावे.

पावसाळा संपला की कड्यांना आग्या मोहोळे लागलेली असतात. खाली चूल किंवा शेकोटी पेटवणे आणि अंगाला उग्र अत्तर लावणे या दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. माश्या उठल्याच, तर हात न झाडता डोके व चेहरा कपड्याने झाकून दाट झाडीतून लांब निघून जावे.

साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळूनही बांधू नये. तो अवयव न हलवता माणसाला उचलून खाली आणावे आणि थेट रुग्णालय गाठावे. १०८ आणि ११२ हे क्रमांक उपयोगाचे आहेत, पण दरीत फोनला रेंज नसते, म्हणून रेंज शेवटची कुठे मिळाली हे जाताना लक्षात ठेवावे.

अंधार आणि गाव

रतनवाडी रतनगडाच्या पूर्वेला आहे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळत असला, तरी तो डोंगराआड त्याआधीच जातो आणि रानात पाच वाजताच अंधारू लागते. गडावरून निघण्याची वेळ याच हिशोबाने ठरवावी. नेढ्यातून, म्हणजे गडमाथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकातून, सूर्यास्त पाहून याच वाटेने उतरणे नवख्यांसाठी योग्य नाही.

निघण्यापूर्वी गावात ज्या घरी चहा-जेवण सांगितले असेल, तिथे किती जण, कोणत्या वाटेने आणि कधीपर्यंत परतणार हे सांगून ठेवावे. ओढ्याला पाणी किती आहे, टाक्यात पिण्याजोगे पाणी उरले आहे का, कोणत्या बाजूला मोहोळ आहे, हे प्रश्न त्यांनाच विचारावेत. कालपर्यंतची खबर त्यांच्याकडेच असते. वाटाड्या घेतल्यास त्याची मजुरी आधी ठरवावी आणि घासाघीस करू नये. परत आल्यावर, उशीर झाला असला आणि गाडी दुसऱ्या टोकाला उभी असली, तरी त्या घरी जाऊन आपण उतरल्याचे सांगावे. न सांगता निघून गेलात, तर दिवसभर शेतात राबलेली माणसे बॅटऱ्या घेऊन रात्री तुम्हाला शोधायला रानात शिरतात.