मूल अठराचं होण्याआधी पोटगीची तयारी

तयारी सतराव्या वाढदिवसाला सुरू करा. जन्मदाखला, आधार वगैरे घरात असतंच, त्यावर वेळ घालवत नाही.

आधी थकबाकी. पोटगीचा हप्ता थकला की त्या तारखेपासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज कोर्टात पडायला हवा. थकलेल्या मार्चचा हप्ता पुढचा मार्च उलटला की या वाटेने हातातून गेला, मग पुढच्या महिन्यात एप्रिलचा. ‘देतो, दिवाळीनंतर एकदम देतो’ ऐकत बसले आणि माझे हप्ते असेच गेले. व्हॉट्सॲपवरचं आश्वासन म्हणजे अर्ज नव्हे. पासबुकात एंट्री मारून आणा, कोरे महिने पेन्सिलीने खुणा करा, अर्ज टाका. एक वर्ष.

मग हुकमाची सर्टिफाइड कॉपी काढा आणि स्वतः वाचा. तुमची रक्कम वेगळी आणि मुलाची वेगळी लिहिली आहे का? अठरा पूर्ण झाल्यावर थांबते ती मुलाची. तुमची चालूच राहते. दोघांची मिळून एकच रक्कम असेल तर समोरचा परस्पर निम्मी पाठवायला लागतो. कमी करायची तर त्याने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ (पोटगीत बदल) खाली अर्ज करावा, फोनवरचा हिशोब मान्य करू नका. (१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५, म्हणजे पोटगीचं मूळ कलम, आता १४४, आणि १२७ म्हणजे १४६. जुन्या हुकमावर जुनेच आकडे दिसतील, घाबरू नका.)

मुलगा असेल तर १४४ खाली अठराला विषय संपतो, मग तो बारावीत असो की इंजिनिअरिंगला. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे, दुखापतीमुळे तो स्वतःचं पोट भरू शकत नसेल तर मात्र संपत नाही; डॉक्टरी कागद आत्ताच जमवा. संमतीने घटस्फोट झाला असेल तर अटींमध्ये शिक्षणाच्या खर्चाचं काही लिहिलंय का, तेही बघा.

मुलीचं वेगळं. १४४ तिलाही अठरालाच सोडतं, पण १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम २० आहे: अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर भागवू शकत नसेल तर वडिलांकडे मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच स्पष्ट केलं. ती आता सज्ञान, म्हणून दावा तिच्या नावाने, वकीलपत्रावर सही तिची. बोनाफाईड आणि फीच्या पावत्या लावा.

आणि अठरा झाल्याने जुनी थकबाकी माफ होत नाही. पोटगी न दिल्याबद्दल तो तुरुंगात जाऊन आला तरी देणं फिटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ चा निकाल सांगतो. पण तुमचा अर्ज वर्षाच्या आत हवा. परत सांगते, वर्षाच्या आत.

बाकी किरकोळ. पैसे मुलाच्या खात्यात येत असतील तर अठराला बँक नव्याने केवायसी आणि सही मागते, ते उरका. कोर्टाच्या तारखेला मुलीचं कॉलेज बुडणार, तिला आधीच सांगून ठेवा.