मोंढ्यातला हिशेब परत कसा उभा केला

ऐन सोयाबीनच्या आवकेत जालन्याच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्य बाजारातल्या, आमच्या आडत दुकानाची (शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या) हिशेबाची हार्ड डिस्क गेली. लाईट सारखी ये-जा करत होती. पेन ड्राइव्हवरचा बॅकअप उघडेना, फाईल अर्धवट कॉपी झालेली. शेतकऱ्याचा पैसा या आकड्यांवरच मिळतो, म्हणून जीव टांगणीला लागला.

सीए साहेबांकडे आधीच्या आठवड्याची प्रत निघाली. दुसऱ्या मशीनवर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर टाकून ती रिस्टोअर केली. पुढच्या नोंदी काटापट्टी (वजनाची पावती) आणि हिशेबपट्टीच्या कार्बन प्रतींवरून भरल्या. निळ्या, पुसट अक्षरात वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं होतं. मुनीमजी वाचत गेले, मी टाकत गेलो.

आता डेटाच्या तीन प्रती असतात: मशीनवर, बाहेरच्या डिस्कवर आणि क्लाउडवर. डिस्क कॉपी झाली की लगेच काढायची, कारण रॅन्समवेअर, म्हणजे फाईली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, जोडलेली डिस्कही लॉक करतं. बॅकअप दुपारी आणि रात्री, म्हणजे गेलं तर अर्ध्या दिवसाचंच जाईल. पण खरी परीक्षा रिस्टोअरची. दर महिन्याला जुन्या लॅपटॉपवर प्रत उघडून खातेबाकी जुळवतो. पासवर्ड बंद पाकिटात, तिजोरीत. यूपीएसही बसवला.