ऑप्शन फॉर्ममधला पहिला नंबर

२०२२ च्या एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेत, मला ९३ च्या वर पर्सेंटाइल मिळाले आणि घरात सगळ्यांना वाटलं, आता सुटलो. कठीण भाग परीक्षेचा होता, तो पार पडला होता. पुढे फक्त ऑप्शन फॉर्म भरायचा, म्हणजे हवी ती कॉलेजं आणि ब्रँच क्रमाने लिहायच्या. त्या फॉर्ममध्येच मी चुकलो, आणि ती चूक पुढच्या कुणाकडून होऊ नये म्हणून हे लिहितोय.

मला पुण्यात ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) करायचं होतं. मार्गदर्शन करणारं घरात कुणी नव्हतं. सायबर कॅफेत फॉर्म भरून देणाऱ्या दादांनी सांगितलं, "जे नक्की मिळेल ते वर टाक, सीट पक्की होईल." मी तसंच केलं. आदल्या वर्षी ज्याच्या जागा ८८ पर्सेंटाइलला संपल्या होत्या असं एक कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं आणि हवं होतं ते खाली चौथ्यावर. पहिल्याच राउंडला पहिला ऑप्शन लागला. पहिला ऑप्शन लागला की सीट आपोआप फ्रीझ होते, पुढच्या राउंडला तुम्ही नसता, हे मला ॲलॉटमेंट लेटर हातात आल्यावर कळलं. दुसऱ्या राउंडची कटऑफ (कोणती जागा शेवटी किती पर्सेंटाइलला गेली त्याची यादी) लागली तेव्हा मला हवी असलेली ब्रँच माझ्यापेक्षा कमी पर्सेंटाइलला गेली होती. ती पीडीएफ मी त्या रात्री किती वेळा उघडून पाहिली असेल, सांगता येत नाही.

म्हणून सीट कशी लागते ते आधी नीट समजून घ्या. कॅप, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, राउंडमध्ये संगणक मेरिट नंबरप्रमाणे एकेका विद्यार्थ्याकडे येतो. तुमचा नंबर आला की तुमची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे जागा शिल्लक असेल ती पहिली जागा तुम्हाला देतो. अवघड कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं आणि ते नाही मिळालं, तर दुसरं पाहिलं जातं, मग तिसरं. वरचं हुकलं म्हणून खालच्या कॉलेजात तुमचा हक्क कणभरही कमी होत नाही. तिथे ते कॉलेज पहिल्या नंबरवर लिहिणारा पण मेरिटमध्ये तुमच्या मागे असलेला मुलगा तुमच्या पुढे जात नाही. म्हणून यादी आवडीच्या क्रमाने लावायची. कटऑफचा उपयोग यादी कुठपर्यंत खाली न्यायची हे ठरवायला. अगदी तळाला अशी चार-पाच नावं हवीत की जी मिळतीलच, आणि मिळाली तर तुम्ही खरंच जाल. जिथे जायचंच नाही ते नाव यादीत भरतीला टाकू नका.

२०२५ पासून हे आणखी महत्त्वाचं झालंय. राउंड तीनाचे चार झाले. पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन लागला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्या राउंडला पहिल्या तिनांपैकी कोणताही, तिसऱ्याला पहिल्या सहांपैकी. नाही घेतला तर पुढच्या राउंडमधून बाहेर. त्याखालचा ऑप्शन लागला तर हजार रुपये सीट ॲक्सेप्टन्स फी भरून ती जागा हातात ठेवता येते आणि बेटरमेंटला, म्हणजे यादीतल्या वरच्या नावासाठी पुढच्या राउंडला, जाता येतं. वरचं काही मिळालं की आधीची जागा आपोआप सुटते, ती परत मागता येत नाही. म्हणजे पहिली सहा नावं लिहिताना प्रत्येकापाशी थांबून स्वतःला विचारा, हे आज लागलं तर मी आनंदाने जाईन का? नियम बदलत राहतात, त्यामुळे ही परीक्षा आणि प्रवेश चालवणाऱ्या सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. काकांच्या मुलाच्या वेळचे नियम उपयोगाचे नाहीत.

माझी दुसरी चूक कटऑफ वाचण्यातली. त्या यादीत रकान्यांवर कोड असतात. सुरुवातीचा जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींसाठी राखीव जागा. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (कॉलेजच्याच विद्यापीठाच्या भागातली मुलं), ओ म्हणजे त्याबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. बारावी तुम्ही कुठून पास झालात यावर होम युनिव्हर्सिटी ठरते. माझी बारावी लातूर जिल्ह्यातली, म्हणजे विद्यापीठ नांदेडचं. पुण्यातल्या बहुतेक कॉलेजांत मी बाहेरचा होतो आणि मी मात्र एचचे रकाने पाहून हिशेब मांडत होतो. कोणत्या संस्थेत जागा कशा वाटल्यात ते आधी पाहा, कारण काही ठिकाणी सगळ्या जागा राज्यस्तरावरच भरतात.

पर्सेंटाइलबद्दलही एक गैरसमज घरोघरी आहे. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के मार्क नव्हेत. तुमच्या शिफ्टमधली ९० टक्के मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. २०२५ ला पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपला चार लाखांहून जास्त मुलं बसली, म्हणजे एका पर्सेंटाइलच्या फरकात चार हजारांवर मुलं. बसणारी मुलं वाढली की तेच ९३ वेगळ्या नंबरवर जाऊन पडतं. जुन्या कटऑफशी तुलना करताना पर्सेंटाइलसोबत मेरिट नंबरही पाहा. यादीत दोन्ही छापलेले असतात.

अभ्यासाबद्दल थोडंच सांगतो. २०० पैकी १०० मार्क एकट्या गणिताचे आहेत, ५० प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क, वेळ ९० मिनिटं. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्नही ९० मिनिटांतच. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न सोडायचा नाही. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात आणि ते बहुतेक मुलं वाऱ्यावर सोडतात. मी सोडले नव्हते, माझे पर्सेंटाइल त्यामुळेच ९० च्या वर गेले असं मला आजही वाटतं. जेईई मेनची तयारी सोबत चालू असेल तर एवढं लक्षात ठेवा की सीईटीत वेग लागतो. शेवटच्या महिनाभरात घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवल्याशिवाय तो येत नाही.

कागदपत्रं मात्र निकालाची वाट पाहत ठेवू नका. जात वैधता प्रमाणपत्र तहसीलमध्ये मिळत नाही, ते जिल्हा जात पडताळणी समितीकडून येतं आणि त्याला महिने लागू शकतात. अकरावीतच अर्ज करा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत तपासा. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला राज्याच्या नमुन्यातला वेगळा आणि केंद्राच्या नमुन्यातला वेगळा. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचा पर्याय पाहा. त्यात ट्यूशन फी माफ होते, पण त्याची कटऑफ सहसा बरीच वर असते आणि नंतर कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही. यादीत त्याचा कोड वेगळा भरावा लागतो, नुसतं पात्र असून चालत नाही. आणि मॅनेजमेंट कोट्याची जागा कुणी पुढे केली तर आधी फीची बेरीज मांडा. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरची फी सवलत कॅपमधून आलेल्यांसाठी असते. आमच्या ओळखीतल्या एका घराला हे प्रवेश झाल्यावर समजलं आणि चार वर्षं ते पूर्ण फी भरत राहिले.

माझ्या वाट्याला जे कॉलेज आलं तिथे मी मन लावून शिकलो, डिग्री पूर्ण केली. तरी दर वर्षी कॅप सुरू झाली की गावातली मुलं घरी बोलावतो. गेल्या वर्षी शेजारची एक मुलगी तीन दिवस संध्याकाळी यादी घेऊन बसायची. तिला कॉम्प्युटर हवं होतं, वडिलांना जवळचं कॉलेज. दोघं भांडली, यादी दोनदा खोडली, आणि शेवटी पहिली सहा नावं तिने एकटीने, स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहिली. तोच कागद समोर ठेवून तिने फॉर्म भरला, कन्फर्म केला आणि प्रिंट काढली. तिसऱ्या राउंडला चौथा ऑप्शन लागला. पहिल्या सहातला, म्हणजे तोच घ्यायचा. मला वाटलं रडेल. तिने कागद काढून पाहिला, म्हणाली, "दादा, हे मीच लिहिलंय," आणि ओरिजिनल कागदपत्रांची फाइल लावायला बसली.