आयर्लंडमधले पूर्वज शोधताय? निदान या चुका तरी टाळा

"१९२२ साली सगळं जळालं, आता काही मिळायचं नाही." आयरिश पूर्वजांचा विषय निघाला की कुणीतरी हे वाक्य टाकतंच, आणि नवखा माणूस तिथेच गाशा गुंडाळतो.

३० जून १९२२ला, यादवीच्या धामधुमीत, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस जळालं. मूळ मृत्युपत्रं गेली, १८२१ ते १८५१च्या जनगणनांचे बहुतेक कागद गेले. हे सगळं खरंच आहे. पण १८५८पासूनच्या प्रोबेटची (न्यायालयानं मृत्युपत्राला दिलेल्या मान्यतेची) वर्षवार छापील सूची, म्हणजे विल कॅलेंडर, शाबूत आहे आणि नॅशनल अर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट बघता येते. एकेका नोंदीत मयताचं नाव, गाव, धंदा, मृत्यूची तारीख, मालमत्ता किती पौंडांची आणि प्रोबेट कुणाच्या हाती दिलं हे सगळं असतं. शिवाय जिल्ह्याजिल्ह्यांच्या रजिस्ट्र्या मृत्युपत्रं वहीत उतरवून घेत, त्यातल्या बऱ्याच वह्या वाचल्या. आर्मा, बेलफास्ट आणि लंडनडेरीच्या वह्या बेलफास्टच्या 'प्रोनी'कडे, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या सरकारी दफ्तरखान्यात.

१८५८च्या आधी मृत्युपत्रं प्रॉटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडच्या न्यायालयात सिद्ध होत, कॅथलिकांचीसुद्धा. त्यामुळे 'आमचे कॅथलिक होते' म्हणून ती पानं उलटायचीच नाहीत, हा शुद्ध आळस. दुसऱ्या धर्मप्रांतातही पाच पौंडांहून जास्त मालमत्ता असेल, तर प्रकरण आर्माच्या प्रेरोगेटिव्ह कोर्टात, म्हणजे चर्चच्याच वरच्या न्यायालयात जाई. तिथल्या १५३६ ते १८१०च्या मृत्युपत्रांची सूची आर्थर विकर्सनं १८९७मध्येच छापली होती, म्हणून नावं तरी उरली.

आणखी एक. मृत्यूच्या वर्षात नोंद सापडली नाही की लोक 'मृत्युपत्र नव्हतं' असं ठरवून मोकळे होतात. शेत नावावर करायची निकड येईपर्यंत कित्येक घरं प्रोबेटच्या वाटेला जात नसत. मी मृत्यूनंतरची दहा-पंधरा वर्षं तरी चाळतेच.

आता माझं खरं दुखणं: नाव जुळलं की उडी.

खडकीचे एक निवृत्त काका. पणजोबा टिपरेरीचे, आयरिश पलटणीतून इकडे आलेले. काकांना १९०१च्या जनगणनेत त्याच नावाचा, त्याच वयाचा माणूस टिपरेरीत सापडला. झालं! कागदाची फ्रेम भिंतीवर चढली. मुलीनं त्या शेतावर आज राहणाऱ्यांना 'आम्ही तुमचे भाऊबंद' म्हणून पत्रसुद्धा धाडलं. मी विचारलं, "काका, १९०१मध्ये पणजोबा कुठे होते?" "कुठे म्हणजे? इथेच, पलटणीत." "मग ३१ मार्चच्या रात्री टिपरेरीतल्या त्या घरात कोण झोपलं होतं?" जनगणना त्या रात्री घरात असलेल्यांची होती. काका बराच वेळ फ्रेमकडे बघत राहिले.

सुटका झाली ती इथल्याच कागदानं. खडकीतल्या लग्नाच्या नोंदीत पणजोबांच्या वडिलांचं नाव होतं, आणि ते फ्रेममधल्या घराशी जुळत नव्हतं. ते नाव धरून जन्मनोंदी पाहिल्या, आईचं माहेरचं आडनाव आणि टाउनलँड हाती आलं. टाउनलँड म्हणजे आपल्याकडच्या वाडीएवढा तुकडा. तो कळल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. मग विल कॅलेंडरमध्ये त्याच टाउनलँडचा शेतकरी बाप सापडला. प्रोबेट दिलं होतं लग्न झालेल्या मुलीला, म्हणजे आजचे खरे नातेवाईक वेगळ्याच आडनावाचे. त्या आडनावानं काकांनी कधी शोधलंच नव्हतं.

बाकीच्या चुका भराभर सांगते.

वयावर विश्वास ठेवू नका. १९०९पासून सत्तरीला पेन्शन मिळू लागली आणि १९११च्या जनगणनेत कित्येकजण दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारे झाले. या पेन्शनचा एक फायदाही आहे. वयाच्या पुराव्यासाठी १८४१ आणि १८५१च्या जनगणनांतून उतारे मागवले जात, त्या शोधाचे अर्ज उरलेत. जळालेल्या पानांतलं एखादं कुटुंब त्यात सापडून जातं.

बाप्तिस्मा जन्माच्या आधीचा दिसला तर घाबरू नका. उशिरा नोंदवलं की दंड पडे, म्हणून घरचे सरकारी नोंदीत जन्माची तारीख पुढे ढकलत.

आडनावाआधी ओ आणि मॅक लावून शोधा, काढूनही शोधा. ओ'सलिव्हन आणि सलिव्हन एकाच घरात निघतात.

१८६४पूर्वीचा सरकारी जन्मदाखला मागू नका, तो नाहीच. लग्नाच्या नोंदी १८४५पासून आहेत, पण १८६४पर्यंत बिगर-कॅथलिकांच्याच. त्याआधीच्या कॅथलिकांसाठी नॅशनल लायब्ररीनं पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या वह्या ऑनलाइन फुकट लावल्यात. अक्षर किचकट, नावं लॅटिनमध्ये, सवय होते.

नोंदणीचा जिल्हा म्हणजे काउंटी नव्हे. तो पुअर लॉ युनियनवर (गरिबांच्या मदतीसाठी पाडलेल्या विभागावर) आखलेला असे आणि काउंटीची हद्द बिनदिक्कत ओलांडे.

दुसऱ्याची ऑनलाइन वंशावळ उचलून आपल्यात चिकटवणाऱ्यांना मी काही सांगायचं सोडून दिलंय. पुराव्याच्या जागी तिसऱ्याचीच वंशावळ जोडलेली असते, आणि आई लेकीपेक्षा सहा वर्षांनी मोठी निघाली तरी कुणाला खटकत नाही.

आणि दाखल्याचे पैसे भरायच्या आधी आयरिश जीनिऑलॉजीच्या सरकारी साइटवर बघा. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीची लग्नं, पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू यांच्या मूळ पानांचे फोटो तिथे फुकट मिळतात. नुसती सूची वाचून उठू नका, फोटो उघडा. खबर देणाऱ्याचं नाव त्यातच असतं.