धाप लागणाऱ्यांसाठी बोलायचं असेल तर

दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात जाताना मी जिन्याच्या वळणावर थांबायचे आणि पर्समध्ये किल्ली शोधायचे. किल्ली हातातच असायची. दम लागलाय हे कुणाला दिसू नये म्हणून जवळजवळ तीन वर्षं मी असं केलं. एका डॉक्टरांनी वजन उतरवा म्हणून सांगितलं, घरचे वयावर ढकलत होते आणि मलाही ते मानून घेणं सोपं वाटत होतं. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून श्वास मोजायची तपासणी, झाली तेव्हा सीओपीडी बराच पुढे गेला होता. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा आजार. गेली सहा वर्षं मी इतर रुग्णांसाठी बोलते आहे. तुम्हालाही हे करावंसं वाटत असेल तर सुरुवात दुसऱ्यांपासून करू नका, स्वतःच्या रिपोर्टपासून करा.

त्या रिपोर्टमधले दोन आकडे समजून घ्या. छाती भरून श्वास घेऊन जोरात फुंकल्यावर एकूण किती हवा बाहेर आली, हा एक. त्यातली पहिल्या सेकंदात किती आली, हा दुसरा. श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध दिल्यावरही पहिल्या सेकंदातली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी भरली, तर नळ्यांमध्ये कायमचा अडथळा आहे असं धरतात. लक्षणं आणि धुराचा इतिहास जोडीला असला की सीओपीडीचं निदान पक्कं होतं. दम्यात हा अडथळा बहुतेकदा कमी-जास्त होत राहतो, फुप्फुसं कडक होण्याच्या आजारात चित्र आणखी निराळं असतं. लोक सगळ्यालाच दमा म्हणतात. तुम्ही म्हणू नका. आणि धाप हृदयामुळे किंवा रक्त कमी असल्यानेही लागते, तेव्हा समोरच्याला आजाराचं नाव तुम्ही द्यायचं नाही. तपासणीपर्यंत पोचवायचं, एवढंच.

मग आपली गोष्ट तीन मिनिटांत बसवा. माझं पहिलं भाषण वीस मिनिटांचं होतं आणि सातव्या मिनिटाला मला बोलणं थांबवावं लागलं. आता मी बसून बोलते, वाक्यं तोकडी ठेवते, मध्ये ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडते. तो श्वास लपवत नाही, लोकांनाही शिकवते. गोष्टीत किल्लीसारखा एक तपशील असू द्या. आकडा एकच पुरे: जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ मध्ये सीओपीडीने जगभरात सुमारे ३५ लाख माणसं गेली. मला विचाराल तर किल्ली जास्त काम करते. भाषण संपल्यावर लोक जवळ येऊन आपापल्या किल्ल्या सांगतात. कुणी चपलेचा पट्टा नीट करतो, कुणी उगाच फोन काढतो.

त्यांना ‘दम लागतो का?’ असं विचारू नका, नाहीच म्हणतील. ज्याने चालणंच कमी केलंय, त्याला दम लागणार कुठून? विचारा, ‘सपाट रस्त्यावर बरोबरीची माणसं पुढे जातात का? शंभर मीटरवर थांबावं लागतं का? कपडे बदलतानाही धाप लागते का?’ डॉक्टर धापेची पायरी ठरवतात ती साधारण याच प्रश्नांवरून. उत्तर ‘हो’ आलं तर तपासणी करून घ्यायला सांगा. जमलं तर बरोबर जा, कारण पहिल्यांदा फुंकताना माणूस घाबरतो.

सगळ्यात जास्त वेळ मी पंपावर, म्हणजे श्वासातून औषध ओढायच्या इनहेलरवर घालवते. माझाच पंप मी आठ महिने चुकीचा वापरला, कारण ‘करून दाखवा’ असं कुणी म्हटलंच नाही. फवाऱ्याचा पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबता दाबता सावकाश आत ओढायचं आणि जमेल तर दहा सेकंद धरायचं. मी झटक्यात ओढायचे, औषध घशातच राहायचं. पावडरच्या पंपाचं उलट असतं, तो जोरात आणि खोल ओढावा लागतो. ज्याच्याकडे दोन्ही आहेत तो इथेच गोंधळतो. शिकवायला बिनऔषधाचा नमुना मागून घ्या, आपला पंप दुसऱ्याच्या तोंडाला कधीही लावू नका. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची, हे दर वेळी सांगा. ‘पंपाची सवय लागते’ असं कुणी म्हटलं, तर चष्म्याचं उदाहरण द्या.

डोस मात्र सांगायचा नाही. ‘मला याने बरं वाटलं’ हेसुद्धा नाही, ऐकणारा तेच औषध घेऊन येतो. एखाद्याला वाक्य पुरं करता येत नसेल, ओठ निळे पडत असतील किंवा तो बरळायला लागला असेल, तर बोलणं थांबवून त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यायचं.

मी कधी सिगारेट ओढली नाही, चुलीच्या धुरात अठरा वर्षं काढली. सुरुवातीला हे मी फार ठासून सांगायचे. एकदा समोर बसलेल्या, बिडी ओढणाऱ्या गृहस्थांनी मान खाली घातली आणि पुन्हा आलेच नाहीत. ते मला अजून लागतं. आता मी धूर म्हणते, कुणाचा ते नंतर. सोडायची इच्छा दिसली की मदत कुठे मिळते ते सांगते.

रुग्णालयाकडे जाताना मागणी एकच न्या, आणि नेमकी. ‘सोयी वाढवा’वर कुणी काही करत नाही. आम्ही लांबच्या व्हरांड्यात मधोमध एक बाक मागितला, तो मिळाला. मग फुप्फुसांच्या व्यायामवर्गाची माहिती निदानाच्या दिवशीच हातात द्यावी, असं मागितलं. त्याला वर्ष लागलं. दुसऱ्या रुग्णाचा अनुभव सांगणार असाल तर आधी त्याला विचारा, आणि नाव वगळूनही तो ओळखू येत नाही ना, ते पाहा.

नोव्हेंबरचा तिसरा बुधवार जागतिक सीओपीडी दिन असतो. त्या आठवड्यात सगळीकडून बोलावणी येतात. मी दोनच घेते. खोकला वाढला, कफाचा रंग बदलला, की तीही सोडते. माझं भाषण कागदावर लिहिलेलं असतं आणि त्याची एक प्रत गटातल्या दुसऱ्या एकीकडे असते. मागच्या वर्षी तिनेच ते वाचलं, मधल्या जागी माझी किल्ली काढून आपली घातली: ती भाजीची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेत थांबायची.