फी शंभर रुपये, पैसे वसतिगृहाला: तालुक्याच्या गावात असा उपक्रम कसा उभा करायचा

आयडिया साधी आहे. गावात ज्याला जे येतं त्यानं ते दोन-तीन तास बसून शिकवायचं, शिकायला येणाऱ्यानं थोडी फी द्यायची आणि ती सगळी फी एका ठरलेल्या कामाला जायची. हे ऐकलं की प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, शिकवणारे कुठून आणायचे? अहो, लातूर-धाराशिव-बीड कुठल्याही तालुक्याच्या गावात जा, एकाच गल्लीत वाकळ म्हणजे गोधडी शिवणारी मावशी, मोटार भरणारा मिस्त्री, पखवाज वाजवणारे आजोबा, ब्लाउज कटिंगवाली ताई आणि मोबाईलवर सातबारा काढून देणारं पोरगं सापडतंच. शिकवणाऱ्यांवर काही अडत नाही. अडतं पैशावर. चार जणांनी पैसे गोळा करायला घेतले की पारावर लगेच निघतं, मागच्या वर्षीच्या वर्गणीचं काय झालं रे? आणि ते विचारणारे चुकीचे नसतात. म्हणून मी पैशापासूनच सांगायला सुरुवात करते, तुम्हीपण तिथूनच करा, क्लास नंतर ठरवा.

सगळ्यात सोपं म्हणजे पैसा आपल्या हातात येऊच द्यायचा नाही. जी संस्था आधीच नोंदणी झालेली आहे, जिचं स्वतःच्या नावाचं बँक खातं आहे, तिच्याशी बोला. नोंदणी नंबर मागा आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या वेबसाइटवर तो बघून घ्या, त्यात लाजायचं काही नाही, चांगली संस्था स्वतःच कागद पुढं करते. मग त्यांच्याकडून लेटरहेडवर एक पत्र घ्या की हे हे लोक आमच्यासाठी अमुक तारखांना क्लास घेऊन निधी जमवायलेत, आमची संमती आहे. क्यूआर कोड त्यांचाच, पावतीपुस्तक त्यांचंच, नंबर छापलेलं. तुमच्या पर्सनल नंबरवर फोनपे घेऊ नका, कितीही जवळचा माणूस म्हणाला की "तुमच्यावर विश्वास आहे" तरी नका घेऊ, कारण त्याच खात्यात किराणा, गॅस आणि पोराची फी जाणार आणि महिन्यानं तुम्हालाच कळणार नाही कुठला रुपया कुणाचा.

आणि समजा तुम्हाला आपल्याच ग्रुपच्या नावानं पैसे जमवायचेत, संस्था-बिंस्था मध्ये नको, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चं कलम ४१-क वाचून घ्या. गणपती मंडळं वर्गणीसाठी जी तात्पुरती परवानगी काढतात ना, तीच ही. अर्ज सहायक धर्मादाय आयुक्तांकडं, ऑफिस जिल्ह्याच्या ठिकाणी असतं, नंतर हिशोबही द्यावा लागतो. पहिल्या वेळेला हे झंझट कशाला, असं माझं मत, नोंदणीवाल्या संस्थेचा हात धरा.

कुणासाठी जमवायचं हे ठरवताना घाई नको. आपल्याकडं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आईबाप गाडीत बसतात आणि पोरं आजीजवळ नाहीतर वसतिगृहात राहतात. अशा वसतिगृहाला मदत करायची असं बहुतेकांना वाटतं, चांगलंच आहे, पण आधी जाऊन विचारा तुम्हाला काय पाहिजे. आपण घरी बसून ठरवतो वह्या द्यायच्या आणि तिथं वह्यांचे गठ्ठे पडलेले असतात, तेलाचा डबा मात्र संपलेला असतो. शाळेतलं हंगामी वसतिगृह असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोलून वस्तूच द्या, रोख नको. आणि सरकारकडून जे मिळतंच त्यासाठी पैसे जमवू नका, उदाहरणार्थ शाळेत जाणाऱ्या मुलींचा एसटी पास अहिल्याबाई होळकर योजनेत फुकटच आहे, तिथं फक्त फॉर्म भरायला माणूस लागतो.

अजून एक, हे लोक हमखास विचारतात. "पावतीवर ८०जी मिळेल का?" म्हणजे देणगीवर आयकरात मिळते ती सूट. फी म्हणजे देणगी नव्हे, तुम्ही शंभर दिले आणि त्याबदल्यात शिकून गेलात, तेव्हा ती सूट फीवर मागायची नाही. कुणाला फीशिवाय वेगळी देणगी द्यायचीच असेल तर त्याची पावती वेगळी फाडायची, आणि संस्थेकडं ती मान्यता असेल तरच सूट, त्यातही २००० रुपयांच्या वर रोख दिलेलं चालत नाही, चेक नाहीतर ऑनलाइन.

आता क्लास कशाचे. इथं मला एक गोष्ट ठामपणे सांगायचीय, जे आपल्याला रोजचं वाटतं त्यालाच फी मिळते. मावशीला विचारलं तर ती म्हणणार, "भाकरी काय शिकवायची गं, कुणालाबी येती." नाही येत मावशी! पुण्याहून वर्क फ्रॉम होम करायला आलेल्या सुनेला येत नाही, लातूरला 'नीट'चे, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचे, क्लास लावून रूमवर राहणाऱ्या पोरांना येत नाही, बँकेत बदली होऊन आलेल्या साहेबांना तर अजिबातच येत नाही आणि हे सगळे शंभर-दीडशे रुपये आनंदानं देतात.

भाकरीचंच उदाहरण घ्या, म्हणजे प्लॅनिंग कसं करायचं ते कळेल. हॉलमध्ये किती माणसं बसतात ते मोजत बसू नका, तवे किती आणि काटवटी (भाकरीचं पीठ मळायच्या पराती) किती ते मोजा. दोन चुली असतील तर दहाच्या वर माणूस घेऊ नका, नाहीतर आठ जण शिकतात आणि बाकीचे व्हिडिओ काढतात. पीठ त्याच आठवड्यात दळलेलं पाहिजे, जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, नवशिक्याची भाकरी कडेनं चिरते आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. किलोभर पिठाच्या आठ-दहा भाकरी धरा, दोन-तीन मोडणारच, म्हणजे माणशी अर्धा किलो पीठ ठेवलं की निवांत. पाणी गरम, पीठ थोडं थोडंच मळायचं, तळव्यानं रगडून रगडून, आणि थापताना हात फिरवायचा की भाकरी फिरवायची हे मावशीनं शेजारी बसून हातात हात धरूनच दाखवायचं, लांबून सांगून ते येत नाही. त्यामुळं दहा माणसांमागं शिकवणाऱ्या दोन जणी लागतात. शेवटी आपण थापलेली भाकरी ठेचा आणि कांद्यासोबत तिथंच खायची. त्या जेवणासाठीच पुढच्या वेळी चार जण वाढतात असा माझा संशय आहे.

येळवसच्या (वेळ अमावस्येच्या) आधी दहा-बारा दिवस भज्जी आणि आंबिलीचा क्लास ठेवा, फुल्ल होतो. मात्र येळवसच्या दिवशी चुकूनही काही ठेवू नका, सगळं गाव शेतात असतं.

तारखांचं गणित आपल्याकडं पावसावर आणि पिकावर चालतं हे शहरातल्या मित्रांना समजत नाही. जूनमध्ये पेरणी, कुणी फिरकणार नाही. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची रास, तेच. महालक्ष्म्या बसतात त्या तीन दिवसांत बायकांना बोलवायचं म्हणजे शिव्याच खायच्या. श्रावणात खुरपण्या उरकल्या की थोडी सवड असते, आणि संक्रांतीच्या पुढं हुरड्याचे दिवस तर बेस्टच, पाहुणेपण आलेले असतात. गावात मुस्लिम घरं असतील, आणि आपल्याकडं असतातच, तर रमजानमध्ये संध्याकाळची वेळ टाळा. मे मध्ये घ्यायचंच असेल तर सकाळी सात ते नऊ, नंतर पत्र्याच्या शाळेत बसवत नाही. बायकांची बॅच दुपारी एक ते चार, आणि वेळ ठरवायच्या आधी शेवटच्या एसटीची वेळ विचारून घ्या, अर्ध्या तिकिटामुळं आजूबाजूच्या खेड्यातून बायका येतात पण गाडी चुकली तर घरी काय सांगायचं हा प्रश्न त्यांचा असतो, तुमचा नाही. आठवडी बाजाराचा दिवस यासाठी चांगला, तशाही येतातच.

शेतकऱ्यांसाठी मे महिन्यात एक क्लास जरूर घ्या, सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण तपासायची. साहित्य काय, तर गोणपाट आणि पाणी. प्रत्येकानं घरून मूठभर बी आणायचं, त्यातले न निवडता १०० दाणे मोजायचे (लोक हळूच टपोरे टपोरे निवडतात, लक्ष ठेवा), ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी लावायच्या, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि ओल राहील इतपत पाणी मारत राहायचं. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले मोजायचे. ७० किंवा त्याच्या वर आले तर बी पेरायला ठीक, नेहमीचं एकरी तीस किलोच्या आसपास चालतं, कमी आले तर बी वाढवायचं, आणि फारच कमी आले तर ते विकून दुसरं आणलेलं बरं. या क्लासला दोनदा जमावं लागतं आणि दुसऱ्या वेळी सगळे येतातच, कारण आपल्यापेक्षा शेजाऱ्याचे किती उगवले ते बघायचं असतं. यांच्याकडून रोख फी मागायला मला बरं वाटत नाही, पेरणीच्या तोंडावर हात मोकळा कुणाचाच नसतो, तर पायलीभर ज्वारी घ्या. वसतिगृहाला ज्वारी लागतेच, फक्त कुणाकडून किती आली ते वहीत लिहा आणि पोती मोजून पोच घ्या.

वाकळ शिवायचा क्लास मात्र एका बैठकीत होत नाही, चार-पाच दुपारी लागतात, जुन्या साड्या लोक देतात, दोरा आणि सुया तेवढ्या विकत. तयार वाकळा थंडीच्या आधी वसतिगृहात पोचवता येतात, म्हणजे फी वेगळी आणि पांघरूण वेगळं.

म्हाताऱ्या माणसांना मोबाईल शिकवणार असाल तर शिकवणाऱ्या पोरांना एकच सक्त नियम, आजी-आजोबांच्या फोनला स्वतःचा हात लावायचा नाही. पिन त्यांनी स्वतः टाकायचा, ओटीपी मोठ्यानं वाचायचा नाही, तुम्ही तोंड दुसरीकडं करायचं. आणि पहिल्या पाच मिनिटांत १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर सेव्ह करून द्यायचा.

शिकवणाऱ्यांना पैसे द्यायचे का, यावर प्रत्येक गावात भांडण होतं. माझं म्हणणं असं की रिटायर्ड गुरुजी, बँकवाले, दुकानदार यांनी फुकट शिकवावं, पण जी मावशी त्या दिवशीची खुरपणी सोडून येते तिला तिचा रोज दिलाच पाहिजे. गरिबाच्या अंगावर समाजसेवा टाकायची आणि टाळ्या आपण घ्यायच्या हे बरोबर नाही. लपवायचंही कशाला, फळ्यावर लिहून टाका, जमा इतके, त्यातून मावशींचा रोज इतका, पीठ-सरपण इतकं, वसतिगृहाला इतके. दहा जणांचे शंभराप्रमाणं हजार झाले, खर्च जाऊन सहाशे उरले तर सहाशेच सांगा, हजार सांगू नका. पीठ, चहा, दोरा हे किराणावाल्याकडून वस्तूरूपात मिळालं तर उरतं जास्त, आणि तो देतोही, बोर्डवर नाव लिहा म्हणजे झालं. फक्त एक लक्षात ठेवा, संस्थेच्या खात्यात गेलेल्या फीतून खर्च काढायचा तर तो संस्थेनंच बिल घेऊन द्यायचा, आधीच ठरवून ठेवा, नाहीतर तुम्ही खिशातून घालत राहता आणि नंतर तोंड उघडायला अवघड होतं.

ज्यांना फी जमत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक बॅचला दोन जागा ठेवा, कुणालाही कळू न देता, नाव सगळ्यांसारखंच वहीत.

रोख मोजताना दोन माणसं, त्यातला एक तुमच्या घरचा नको, आणि मोजणी तिथंच सगळे असताना. फळ्याचा फोटो ग्रुपवर. ऑनलाइनवाल्यांचा स्क्रीनशॉट ग्राह्य धरू नका, संस्थेच्या मोबाईलवर मेसेज आला का ते विचारूनच पावती, खोटे स्क्रीनशॉट आता खेड्यातपण फिरायलेत.

बॅनरवर पुढाऱ्याचा फोटो घालू नका, एकाचा घातला की दुसऱ्याची माणसं येत नाहीत. दीपप्रज्वलन, शाल-नारळ, प्रास्ताविक, मनोगत, आभार हे सगळं पूर्णपणे बंद! तीन तासाच्या क्लासमधला सव्वा तास सत्कारात जातो आणि चूल विझते. कुणी ज्येष्ठ रुसले तर त्यांना काटवटीपुढं बसवा.

पैसे दिल्यावर काम संपलं असं समजू नका, संस्थेकडून पोचपावती आणि त्या पैशातून काय आणलं त्याचं बिल घ्या, दोन्हींचा फोटो त्याच ग्रुपवर टाका, खाली भाषण न लिहिता. हे झालं की पुढच्या क्लासची तारीख त्याच मेसेजखाली. बघा, वसतिगृहातल्या पोरांचे फोटो मात्र टाकू नका, मदत घेताना तोंड दाखवायला लावायचं हे मला पटत नाही.

आणि शेजारच्या गावातले लोक आम्हालाही करायचंय म्हणून आले तर त्यांना तुमच्या नावाची शाखा काढू देऊ नका. संस्थेच्या पत्राचा नमुना, वहीचं पान कसं आखायचं ते आणि भाकरीवाल्या मावशीचा नंबर, तोही मावशीला विचारून, एवढं द्या. हिशोब त्यांचा त्यांनी ठेवायचा.