डेस्कटॉपवरची वस्तू आणि वस्तूची खूण

संगणक सुरू करून पासवर्ड दिला की जो पडदा समोर येतो त्याला डेस्कटॉप म्हणतात, आणि नवशिक्याची सुरुवातीची बहुतेक धांदल याच पडद्यावर उडते. माझी आत्या निवृत्तीनंतर संगणक शिकायला बसली तेव्हा तिच्या शेजारी बसून मी जे पाहिले, त्यावरून हे टिपण लिहिले आहे. यातील कृती विंडोज १० आणि विंडोज ११ या दोन्हींना लागू आहेत. जेथे फरक आहे तेथे तो सांगितला आहे.

डेस्कटॉप म्हणजे टेबलाचा वरचा भाग. ही कल्पना १९७० च्या दशकात अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात आकाराला आली, आणि १९८१ साली त्या कंपनीने बाजारात आणलेल्या ‘स्टार’ या संगणकाच्या पडद्यावर कागद, फोल्डर आणि आवक-जावक टपालाचे ट्रे यांची चित्रे होती, कारण तो संगणक कचेरीत बसणाऱ्या माणसांसाठीच बनवलेला होता. आत्याची सारी नोकरी आवक-जावक नोंदवहीवर गेलेली असल्यामुळे हे तिला लगेच पटले. मात्र खऱ्या टेबलावर जो कागद दिसतो तो कागदच असतो, तर पडद्यावरच्या टेबलावर काही चित्रे प्रत्यक्ष वस्तू असतात आणि काही चित्रे दुसरीकडे ठेवलेल्या वस्तूची नुसती खूण असतात. हा फरक पुढे सविस्तर सांगितला आहे. त्याआधी माउसवर हात बसला पाहिजे.

माउसवर हात बसवणे

माउस मुठीत आवळून धरू नये. तळहात त्यावर सैल ठेवून तर्जनी डाव्या बटणावर आणि मधले बोट उजव्या बटणावर राहू द्यावे. डावे बटण एकदा दाबले की बाणाखालची वस्तू निवडली जाते, लागोपाठ दोनदा दाबले की ती उघडते, आणि उजवे बटण दाबले की त्या वस्तूचे काय काय करता येईल याची यादी समोर येते. सांगायला हे सोपे आहे. अडते ते डबल क्लिकला. दोन दाबांच्या मध्ये हात किंचित सरकला तर वस्तू उघडण्याऐवजी तिचे चित्र जागचे हलते, आणि दोन दाबांच्या मध्ये जरा जास्त वेळ गेला तर चित्राखालचे नाव निळे होऊन बदलले जाण्यासाठी तयार होते. आत्याकडून हे वारंवार झाले, आणि एकदा तर गडबडून तिचे बोट कळफलकावर पडल्यामुळे पेन्शनच्या फाइलचे नाव नुसते ‘जे’ असे होऊन बसले. नाव निळे झालेले दिसले की कळफलकाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातील एस्केप ही कळ दाबावी, म्हणजे काहीही न बदलता सुटका होते. डबल क्लिक जमेपर्यंत चित्रावर एकदाच क्लिक करून एंटर दाबावे; परिणाम अगदी तोच. ज्यांचा हात थरथरतो त्यांनी डबल क्लिकच्या वाटेला न गेलेलेच बरे, असे माझे मत झाले आहे.

डावे बटण दाबून धरून वस्तू ओढत नेणे आणि हव्या जागी बटण सोडणे, याला ड्रॅग करणे म्हणतात. १९९० साली आलेल्या विंडोज ३.० मध्ये सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ दिलेला होता, आणि असंख्य लोकांचा हात या क्रियेवर त्या पत्त्यांमुळेच बसला. मीही आत्याला पहिले दोन दिवस पत्तेच खेळायला लावले. घरच्यांना ते विचित्र वाटले, पण तिसऱ्या दिवशी ती वस्तू न सांडता ओढू लागली.

अक्षरे बारीक दिसत असतील तर डोळे ताणत बसू नये. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर उजवे बटण दाबून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडावे आणि तेथील ‘स्केल’ १०० ऐवजी १२५ किंवा १५० टक्के करावे. सारा पडदाच मोठा दिसू लागतो.

खूण कशी ओळखावी

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात लहानसा वाकडा बाण असेल तर ती वस्तू नाही, ती शॉर्टकट म्हणजे खूण आहे. बाण नसलेली वर्डची फाइल, फोटो किंवा पिवळे फोल्डर ही प्रत्यक्ष वस्तू असते. रिसायकल बिन (पुसलेल्या फाइलींची टोपली) किंवा धिस पीसी (संगणकातील सारे साठे दाखवणारे चित्र) यांच्यावर बाण नसतो, पण ती संगणकाचीच अंगभूत स्थाने आहेत. त्यांचा या हिशेबात विचार करायचा नाही.

फरक कळण्यासाठी एक प्रसंग सांगतो. सोसायटीच्या सचिवांना द्यायचा गळतीबद्दलचा अर्ज आत्याने वर्डमध्ये लिहिला आणि तो डॉक्युमेंट्स या फोल्डरमध्ये ठेवला. तो तिला पटकन सापडावा म्हणून त्याची खूण मीच डेस्कटॉपवर करून दिली होती. दुसऱ्या दिवशी तिने ते बाण असलेले चित्र पेन ड्राइव्हवर ओढले आणि छापून घेण्यासाठी ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. तेथील संगणकावर फाइल उघडेना. पेन ड्राइव्ह खराब आहे, असे सांगून दुकानदाराने तिला परत पाठवले. पेन ड्राइव्ह धडधाकट होता. त्यावर गेला होता तो अर्ज नव्हे, तर ‘अर्ज आत्याच्या संगणकात अमुक ठिकाणी आहे’ एवढाच निरोप, आणि दुकानातल्या संगणकाला त्या निरोपाचा काय उपयोग? ‘अरे, तुम्ही एकच चित्र दोन अर्थांनी का काढता?’ हा तिचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो.

त्यामुळे फाइल कोणाला पाठवायची असेल, ईमेलला जोडायची असेल किंवा पेन ड्राइव्हवर घ्यायची असेल, तर आधी बाण पाहावा. बाण असल्यास त्यावर उजवे बटण दाबून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडावे, म्हणजे मूळ फाइल जेथे आहे ते फोल्डर उघडते, आणि तेथून ती घ्यावी. उलट बाजूने पाहिले तर खूण पुसून टाकण्यात काहीच धोका नाही. एखाद्या प्रोग्रॅमच्या बाण असलेल्या चित्रांनी पडदा भरून गेला असेल तर ती खुशाल डिलीट करावीत. प्रोग्रॅम जागेवरच राहतो आणि स्टार्ट बटणातून उघडतो. बाण नसलेली फाइल डिलीट केली तर मात्र फाइलच जाते.

स्वतः खूण करायची असेल तर मूळ फाइलवर उजवे बटण दाबून ‘सेंड टू’ आणि मग ‘डेस्कटॉप’ निवडावे. विंडोज ११ मध्ये ‘सेंड टू’ लगेच दिसत नाही. आधी यादीच्या तळाचे ‘शो मोअर ऑप्शन्स’ दाबावे लागते.

अलीकडच्या संगणकांवर तिसरा प्रकारही आढळतो. चित्राशेजारी निळ्या रेघेचा लहान ढग दिसत असेल तर ती फाइल वनड्राइव्ह या इंटरनेटवरच्या साठ्यात आहे आणि नेट बंद असताना ती उघडणार नाही. तिच्यावर उजवे बटण दाबून ती कायम संगणकावरही ठेवण्याचा पर्याय निवडता येतो.

टेबल आवरणे

डेस्कटॉप हे स्वतःही एक फोल्डरच आहे आणि ते साधारणतः सी ड्राइव्हवर, म्हणजे विंडोज जेथे असते त्या साठ्यावर, असते, ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. संगणक बिघडला की दुरुस्तीवाला ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे म्हणतो, आणि त्यात प्रथम सी ड्राइव्ह पुसला जातो. म्हणजे डेस्कटॉपवर ठेवलेली नातवंडांची छायाचित्रेही त्याबरोबर जातात. दुरुस्तीला देण्यापूर्वी डेस्कटॉपवरचे सारे पेन ड्राइव्हवर घेतले आहे ना, हे आपणच पाहावे.

आत्याचे म्हणणे असे, की सगळे समोरच असू दे, आत ठेवले की सापडत नाही. यावर आमची तडजोड झाली ती अशी: चालू आठवड्याच्या कामाच्या फाइली डेस्कटॉपवर, बाकी सर्व डॉक्युमेंट्समध्ये. नवे फोल्डर करण्यासाठी मोकळ्या जागेवर उजवे बटण दाबून ‘न्यू’ आणि मग ‘फोल्डर’ निवडावे. नाव लगेच लिहिता येते. नंतर नाव बदलायचे असेल तर वस्तूवर एकदा क्लिक करून कळफलकाच्या वरच्या ओळीतील एफ २ ही कळ दाबावी. काही लॅपटॉपवर तिच्याबरोबर एफएन ही कळही धरावी लागते. नाव मराठीतही देता येते. त्यासाठी सेटिंग्जमधील भाषेच्या विभागात जाऊन मराठी भाषा जोडून घ्यावी. तेथे इनस्क्रिप्ट (देवनागरी अक्षरांची ठरावीक मांडणी) आणि फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चाराप्रमाणे लिहिण्याचा) असे दोन्ही कळफलक मिळतात, आणि विंडोजची, म्हणजे खिडकीचे चित्र असलेली, कळ धरून स्पेसबार दाबला की इंग्रजी-मराठी अशी अदलाबदल होते. नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम किंवा तिरकी रेघ चालत नाही, म्हणून तारीख तिरक्या रेघांनी न लिहिता मध्ये आडव्या रेघा द्याव्यात. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असे लिहिले की फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

ओढताना एक गोम लक्षात ठेवावी. डेस्कटॉपवरची फाइल त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ओढली तर ती तेथे हलते आणि डेस्कटॉपवरून नाहीशी होते. पेन ड्राइव्हवर ओढली तर तिची नक्कल होते आणि मूळ फाइल जागेवर राहते. फाइल भलत्याच फोल्डरमध्ये पडली असे वाटल्यास शोधत बसण्याआधी कंट्रोल धरून झेड दाबावे, म्हणजे शेवटची क्रिया उलटते. चित्रे इकडेतिकडे विखुरली असतील तर मोकळ्या जागेवर उजवे बटण दाबून ‘व्ह्यू’मध्ये ‘ऑटो अरेंज आयकॉन्स’ निवडावे. त्याच यादीतील ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’समोरची बरोबरची टिक चुकून निघाली तर सारी चित्रे एकदम गायब होतात आणि माणूस हादरतो, ती टिक परत केली की सर्व काही जागेवर येते.

चुकून डिलीट झालेली फाइल रिसायकल बिनमध्ये जाते. तो उघडून फाइलवर उजवे बटण दाबून ‘रिस्टोअर’ म्हटले की ती पूर्वीच्याच जागी परतते. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल मात्र या टोपलीत येत नाही. ती सरळ जाते. तेथे डिलीट करताना संगणक जो प्रश्न विचारतो, तो वाचल्याशिवाय ‘येस’ दाबू नये.

उघड्या खिडक्या

उघडलेली प्रत्येक गोष्ट एका चौकटीत दिसते. तिला विंडो म्हणतात. तिच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात तीन बटणे असतात. फुलीने विंडो बंद होते, चौकोनाने ती पडदाभर पसरते, आणि आडव्या रेघेने ती बंद न होता खालच्या पट्टीत जाऊन बसते. नवशिके रेघ दाबतात, विंडो गेली असे समजून तीच फाइल पुन्हा उघडायला जातात आणि गोंधळतात. खालची पट्टी म्हणजे टास्कबार. ती आणि स्टार्ट बटण १९९५ च्या विंडोज ९५ पासून आहेत. विंडोज ११ मध्ये हे बटण मधोमध आले असले तरी टास्कबारच्या सेटिंग्जमधून ते पुन्हा डावीकडे नेता येते. पट्टीवरील ज्या चित्राखाली लहान रेघ दिसते तो प्रोग्रॅम सुरू आहे. त्यावर क्लिक केले की खाली बसलेली विंडो वर येते. विंडोंच्या गर्दीत डेस्कटॉपच दिसेनासा झाला तर विंडोजची कळ धरून डी दाबावे. पुन्हा तेच केले की साऱ्या विंडो परत येतात.

लिहिताना दर दहा-पंधरा मिनिटांनी कंट्रोल धरून एस दाबण्याची सवय लावावी, विशेषतः जेथे लोडशेडिंग आहे आणि यूपीएस नाही तेथे. फाइल पहिल्यांदा सेव्ह करताना ती कोठे जाते आहे हे विचारले जाते. त्या वेळी डेस्कटॉप की डॉक्युमेंट्स हे आपण ठरवून निवडावे, संगणकाने सुचवलेल्या जागेवर डोळे मिटून सही करू नये.

काम संपल्यावर उघड्या विंडो बंद करून, स्टार्टमधील पॉवरच्या चित्रावर क्लिक करून ‘शट डाउन’ निवडावे आणि पडदा काळा होऊन डब्यातला पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचे बटण बंद करू नये. मॉनिटरचे बटण दाबल्याने केवळ पडदा विझतो, संगणक चालूच राहतो; आत्याचा संगणक पहिला आठवडाभर रात्रंदिवस चालू होता तो यामुळेच.